तंबोरा कुणाला देऊ नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "तंबोरा कोपऱ्यात नुसता धूळ खातोय, शिकणाऱ्या एखाद्या मुलीला देऊन टाकते." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. ते "बरं" मागे घ्यायला हे पत्र लिहितेय. फोनवर मला हे बोलता येणार नाही. दोन वाक्यांत आपण दोघी सम सोडून भलतीकडे जातो आणि मग बाबांना मध्ये पडून ठेका धरावा लागतो.

एक सांगायचं राहिलं होतं. मे महिन्यात कामासाठी मडगावला गेले होते, तेव्हा एक दिवस जास्तीचा काढून कुर्डीला जाऊन आले. आई, तुझ्या लाडक्या गायिकेचं, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलंय. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की तेवढ्यापुरतं वर येतं. भेगाळलेला चिखल, घरांची जोती, झाडांचे खुंट आणि सोमेश्वराचं देऊळ. उठून गेलेली माणसं त्या दिवसांत परत येतात आणि आपलं घर कुठं होतं ते नातवंडांना बोट करून दाखवतात. मी एका जोत्यावर बसले आणि फोनवर मोगूबाई लावल्या. वाऱ्यात नीट ऐकूही येईना, पण बंद करवेना.

आपल्या घरातलं जुनं भांडण आठवलं. बाबा मोगूबाईंच्या लेकीचे, किशोरीताई आमोणकरांचे चाहते; आई खुद्द मोगूबाईंची, म्हणजे माईंची. बाबांनी 'सहेला रे' लावलं की डोळे मिटायचे, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "सूर छान आहे हो, पण माईंची लय बघा!" लहानपणी मला वाटायचं, या दोघी आपल्या नात्यातल्याच असाव्यात.

मोगूबाईंचा जन्म १९०४चा. दहाव्या वर्षी आई गेली, मग पोटासाठी नाटक मंडळीत राहणं. सांगलीत त्या घरी मेहनत करत असताना रस्त्यानं जाणारे एक गृहस्थ गाणं ऐकून आत आले आणि शिकवू लागले. ते खुद्द जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब आहेत हे त्यांना नंतर कळलं, ही गोष्ट तूच मला दर गणपतीत सांगायचीस. पुढचं मात्र तू घाईत उरकायचीस. खाँसाहेब मुंबईला गेले म्हणून त्याही मुंबईला गेल्या. वाट बघणं, दुसऱ्या उस्तादांकडे शिकणं, आणि खाँसाहेबांची रीतसर शिष्या म्हणून गंडा बांधला गेला तो १९३४ साली. मध्ये किती वर्षं गेली, मोज. नवरा लवकर गेला. तीन मुलं आणि गाणं, दोन्ही त्यांनी एकटीनं ओढलं.

थोरली किशोरी आईच्या मागे तंबोऱ्यावर बसायची. बाईमाणूस गाणारी म्हणून आईला कसं वागवतात, कुठं उतरवतात, हे तिथून तिला दिसत होतं. पुढे किशोरीताई मैफलीत श्रोत्यांवर चिडायच्या, उशीर करायच्या, त्याला लोक नखरा म्हणत. तू पण म्हणायचीस. मला ते आता तसं वाटत नाही. आईला जे मागता आलं नाही ते लेकीनं दामदुपटीनं वसूल केलं. (बाबा, तुम्ही तिकीट काढून दीड तास ताटकळला होतात आणि तरी खुशीत घरी आलात, ते मी विसरले नाहीये.)

शिकवताना मोगूबाई एक जागा दोनदा, फार तर तीनदा गाऊन दाखवायच्या. तेवढ्यात उचलायची. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसले, आई! मला शिकवायची तुझी रीत तू कुणाकडून उचललीस ते कळलं. पण त्याच माईंनी मुलीला भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकू दिलं. जयपूरची लय-तान पक्की करून घेतली आणि भेंडीबाजारची मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, तिच्या गळ्यात येऊ दिली. त्यातून किशोरीताईंचं जे गाणं झालं त्याला जयपूर म्हणायचं की नाही यावर जाणकार भांडत राहिले. तुम्ही दोघं जेवताना भांडायचात तेच.

आणि तंबोरा. १९६४च्या 'गीत गाया पत्थरों ने' साठी किशोरीताई गायल्या. माईंना सिनेमा मुळीच नको होता. त्यांनी बजावलं, सिनेमात गायलीस तर माझ्या दोन्ही तंबोऱ्यांना हात लावायचा नाही. मी हे वाचून बराच वेळ तशीच बसून होते. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात गायले त्या रात्री तू काही बोलली नाहीस. सकाळी उठले तर तंबोऱ्याला खोळ घातलेली होती. मी खोळ काढली नाही, तू काढ म्हणाली नाहीस. बावीस वर्षं झाली.

किशोरीताई सिनेमातून परतल्या. मध्ये काही काळ त्यांचा आवाजच गेला होता, आयुर्वेदिक उपचारांनी परत आला. मला कुणी आवाज गेला म्हणून अडवलेलं नव्हतं. मी नुसती रुसले होते, मग नोकरी लागली, मग रुसणं सोयीचं पडत गेलं. तुझ्या नावावर किती वर्षं खपवलं!

तर तंबोरा देऊ नकोस. मी पुढच्या महिन्यात दहा दिवस येतेय. भूपाची ती बंदिश अंतऱ्यापाशी सुटली होती, तिथून धरू. तुझा श्वास आता पुरत नाही हे बाबांनी मला सांगितलंय, तू लपवू नकोस. अर्धी ओळ गा, पुढची मी शोधते. दोनदाच दाखव, तिसऱ्यांदा मागणार नाही.

बाबा, खोळ काढून भोपळा नीट पुसून ठेवा, ओल्या फडक्यानं नको. तारा गंजल्या असतील, मी मिरजेहून नव्या मागवून आणते. घोडी घासून जवारी काढायला कुणी येतं का ते आतापासून विचारून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही.

तुमची,
धाकटी