टाकी रिकामी करूनच मशीन ठेव

ओंटारिओ, कॅनडा
२ नोव्हेंबर २०२५

ती. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

भाऊबीजेला तू मोबाइल फिरवून रंग दिलेली पडवी दाखवत होतास, तेव्हा पेटत्या बंबामागं भिंतीला टेकवलेला ग्रास कटर आणि पेट्रोलचा कॅन दिसला. माझ्या पोटात गोळाच आला. दुसऱ्या दिवशी वहिनीला फोन करून दोन्ही मळ्यातल्या शेडात हलवायला लावलं. त्यावर तू म्हणालास, "एवढं काय त्यात, झाकण घट्ट होतं की." म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते. झाकण जरा सैल असलं, पाइप कुठं झिरपत असला, तर आपल्या ध्यानात यायच्या आत ती बंबाच्या विस्तवापर्यंत पोचते. आणि पहाटे तिथं राख काढायला आई वाकून बसलेली असते. मशीन परत घरात आणू नकोस, एवढं माझं ऐकच.

आता मशीनचं. इथं या महिन्यात गवत वाढायचं थांबतं, मग बर्फ. गवत कापायचं मशीन थेट एप्रिल-मेपर्यंत बंद. आपल्या तासगावात उलटं, पाऊस संपला की बांधावरचं आणि द्राक्षाच्या ओळीतलं गवत थंडावतं आणि ग्रास कटर जूनपर्यंत कोपऱ्यात पडतो. कारण वेगळं, पण दोन्हीकडं निदान पाच-सहा महिने मशीन उभंच. मशीन चालून जेवढं खराब होत नाही, तेवढं टाकीत पेट्रोल ठेवून उभं राहिल्यानं होतं.

पहिल्या वर्षी मी तेच केलं. मेमध्ये दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, पण मशीन हूं की चूं करेना. शेवटी मिस्त्रीकडं नेलं. त्यानं पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची वाटी खोलून माझ्यापुढं धरली. तळाला पिवळसर, चिकट थर, काकवी वाळल्यासारखा, आणि वास जुन्या रोगणाचा. जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक नळी, उजेडाकडं धरून बघ म्हणाला. सुईच्या टोकाएवढं भोक, पण पलीकडचं काही दिसेना. पेट्रोल उडून गेलं की मागं हा चिकटा राहतो आणि नेमका त्या भोकात बसतो. महिनाभर ठेवलेल्या पेट्रोलवरही भरवसा धरू नये, असं तो म्हणाला.

त्यात इथेनॉल. इथल्या पेट्रोलात ते साधारण १० टक्के, मक्यापासून केलेलं. आपल्याकडं आता बहुतेक पंपांवर २० टक्क्यांचंच मिळतं. आपलाच ऊस कारखान्यात जाऊन त्यातलं काही पुन्हा आपल्या टाकीत येतं, याचं मला अप्रूप आहे आणि त्याला नावं ठेवायची नाहीत. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. फार पाणी धरलं की ते पाण्यासकट पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं, आणि मशीन नेमकं तळातनंच ओढतं. मग आत गंज धरतो. लहान मशीनचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरातला पडदाही त्यानं खराब होऊ शकतो. तुझ्या मशीनच्या पुस्तकात किती टक्क्यांपर्यंत चालतं ते बघ. बऱ्याच पुस्तकांत १० च लिहिलेलं असतं.

तर असं कर. उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून, मशीन गार असताना टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढ. मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत हळू फिरू दे. प्रायमरचा रबरी फुगा पाच-सहा वेळा दाब आणि पुन्हा चालव. कार्बोरेटरमधलंही सगळं जळून गेलं पाहिजे. तुझं टू-स्ट्रोक आहे, उरलेल्या पेट्रोलात ऑइल असणार, ते मोटरसायकलमध्ये ओतू नकोस. आधीच बांध कापून संपवलंस तर उत्तम. पुढच्या वेळी एका दिवसाला लागेल तेवढंच मिसळ. पुस्तकात पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २५:१ असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, ५०:१ असेल तर २०. अंदाजानं टोपणभर नको.

मशीन गार झाल्यावर स्पार्क प्लग काढून आत थोडं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचंच, ऑइल सोड, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढ, म्हणजे ते सिलिंडरला सगळीकडं लागेल. प्लग परत बसव. एअर फिल्टर साफ कर, पात्याला तेलाचा हात दे, गिअरला ग्रीस. पात्याला चीर दिसली तर ते पातं टाकूनच दे, वेल्डिंग करून वापरू नकोस. पुढं वर्षभरात कधीही पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायची.

शेडातही जागा बघून ठेव. बोर्डो फवारणीचं मोरचूद आणि खताची पोती आहेत त्या बाजूला नको, तिथं लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं. पत्रा तापतो त्या भिंतीलाही नको. खुंटीला अडकव, उंदीर पाइप कुरतडतात.

आप्पा फवारणी झाली की पाठीवरचा पंप तीनदा धुवायचे, पितळी नोझल काढून त्यात फुंकर मारून बघायचे आणि पंप उलटा टांगायचे. कितीही अंधार पडला तरी ते झाल्याशिवाय जेवायला बसले नाहीत. तो पंप मी कॉलेजला जाईपर्यंत चालला. मिस्त्रीनं जेट उजेडाकडं धरलं तेव्हा मला पहिल्यांदा आप्पाच आठवले.

फळछाटणीनंतरच्या काड्यांचा फोटो पाठव. वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. मशीन रिकामं केलंस की मला फोन कर, रात्र असली तरी चालेल.

तुझा,
धाकटा