साक्षी कुठे गेला होता?

प्रिय बंड्या,

उत्तर नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, त्या पोचल्या. हर्नियाचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, हिंडतो-फिरतो आहे. तब्येतीचं एवढंच. लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. सुध्याला हे सांगितलं तर तो मला परत ॲडमिट करेल.

भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, शंभरपासून उलटे आकडे म्हणा. सत्त्याण्णव म्हटल्याचं आठवतं, आणि लगेच कुणीतरी गालावर थापटत म्हणालं, 'काका, झालं हं.' मधलं काहीच नाही. अंधारसुद्धा नाही, कारण अंधार बघायला तरी कुणी लागतं.

मांडूक्य उपनिषद घेऊन बसलास की तुझा हुकमी एक्का ठरलेला: गाढ झोपेतून उठलेला माणूस 'छान झोपलो, काही कळलं नाही' म्हणतो, म्हणजे ते न कळणं पाहणारा साक्षी आत जागाच असतो. युक्तिवाद देखणा आहे, तू तो ओरडून मांडतोस ते सोड. पण भुलेतून उठून मी 'छान झोपलो' म्हणूच शकत नाही रे. मग साक्षी कुठे होता? त्यालाही सुई टोचली की काय?

दिवा विझला म्हणून वीज संपत नाही, हे पुन्हा ऐकवलंस तर पत्रव्यवहार बंद.

आणि तुझे योगी अरविंद. जडातून प्राण, प्राणातून मन, पुढे अतिमानस, म्हणजे मनाच्याही वरची जाणीव. माणूस म्हणजे वाटेतला टप्पा. अलीपूरच्या तुरुंगात १९०८-०९ मध्ये ज्याला भिंतीत, गजांत, कैद्यांत वासुदेव दिसला, त्याच्या अनुभवाला मी हसत नाही. पण उत्क्रांती जाणिवेकडेच चढते म्हणतोस, तर समुद्रातला तो ॲसिडियन नावाचा प्राणी बघ. पिल्लू असताना पोहतो, तेव्हा त्याला इवलासा मेंदू असतो. एकदा खडकाला चिकटला की त्यातला बराचसा मोडून पचवून टाकतो. पोहायचंच नाही, तर मेंदू पोसायचा कशाला? निसर्गाला वर-खाली कळत नाही, परवडतं की नाही एवढंच कळतं.

आता तुझ्या फायद्याचं, नाइलाजाने. बोस्टनला १८४६ मध्ये ईथरची वाफ हुंगवून भूल देण्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. तेव्हापासून माणसं बेशुद्ध होऊन परत येतायत, तरी जाणीव नेमकी कशी मालवते यावर अजून एकमत नाही. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तर लाजाळूलाच ईथर हुंगवलं. पान शिवलं तरी मिटेना; वाफ काढल्यावर काही वेळाने पुन्हा लाजायला लागलं. ना मेंदू, ना मज्जातंतू! बर्नार म्हणतो, ईथर जिवंत पेशीची संवेदनक्षमताच थांबवतं. माझ्या मते प्रतिसाद म्हणजे जाणीव नव्हे. तू 'प्राण, प्राण!' करत उड्या मारतोयस ते दिसतंय मला.

दिवसा हे सगळं मला पटतं, रात्री पटत नाही. विश्व आपल्यातून स्वतःला ओळखायला धडपडतंय म्हणावं, तर एवढं मोठं काम त्याने इंजेक्शनने बंद पडणाऱ्या यंत्रावर का सोपवलं? आणि हेतूबितू काही नाही म्हणावं, तर 'काका'ला ओ दिली ती कुणी? मरणाची भीती नाही वाटत. त्या मधल्या वेळात मी नव्हतो आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही, हे मात्र पचत नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीचं ठरलं म्हणे, अभिनंदन, तारीख कळव. नानांचं कळलं. त्यावर सवडीने लिहीन, आज जमत नाही.

उत्तर दे, पण 'अनुभवानेच कळेल' या ओळीत गुंडाळू नकोस. मागे तेच केलंस आणि आपण वर्षभर बोलत नव्हतो.

तुझा,
दिग्या