सुमे, मीठ पुढे गेलं

प्रिय सुमे,

तीन महिने तुझा फोन उचलला नाही, मेसेजला नुसते अंगठे पाठवले, माहितीय मला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. वजनासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन झालं, तब्येत ठीक, ११२ किलोचे ९४ झाले, शुगरची एक गोळी बंद, केस गळतायत, बास.

लिहायला बसले त्याचं कारण वेगळंय. शनिवारी खानावळीत कोल्हापूरची ती मंडळी आली होती, चौदा ताटं, बांगड्याची आमटी. त्यांच्यातल्या काकांनी दुसऱ्यांदा आमटी घेतलीच नाही. विचारलं तर आधी काही बोलेचनात, मग हळूच म्हणाले, वहिनी, मीठ जरा पुढे गेलंय. २२ वर्षांत पहिल्यांदा गं! तू म्हणशील मी तर कॉलेजपासून बोंबलतेय. तू गप्प बस, आमटीत तिरफळं नको म्हणणारी बाई तू, तुझं मत धरत नाही.

पण मीठ का गेलं ते मला ठाऊक आहे म्हणून झोप उडालीय. मी चव घेतलीच नव्हती.

थांब, पहिल्यापासून सांगते. सरकारनं १ जूनला मासेमारीच्या बोटी बंद केल्या, डॉक्टरनं ५ जूनला ऑपरेशन करून मला. आधी पेजेची निवळ, नारळपाणी, तेही घोट घोट, मग कुळथाची पातळ पिठी, मग मिक्सरमधून काढलेली डाळ, मग मऊ अंडं. मऊ मासा तेव्हाच चालला असता पण बंदीत आणणार कुठून, सुक्या बांगड्याचा नुसता वास घेत बसले. सासूबाई रोज वाटीत डोकावायच्या, "इतक्यान काय होतला गो?" आणि मजा बघ, ३१ जुलैला बंदी संपली त्याच दिवशी माझे आठ आठवडे भरले, आता सॉलिड सुरू करा म्हणाले. पहिला घास सौंदाळ्याचा, काटे काढून, नखाएवढा. पंचवीस वेळा चावायचं. सुमे, सौंदाळा पाचव्या वेळेलाच विरघळतो, पुढचे वीस वेळा मी काय चावू, जीभ?

घात केला तो भाकरीनं. तिकडे पानं वाढायची घाई, मी ओट्याशी उभ्यानं, सवयीनं, भराभर तीन घास. वीस मिनिटं बसून जेवा म्हणतात, मी लग्नानंतर कधी वीस मिनिटं बसून जेवलेय ते तूच सांग. छातीत आठळी अडकल्यासारखं झालं, ना वर ना खाली, तोंडाला नुसता फेस, मागीलदारी माडाला धरून अर्धा तास वाकलेली. सासूबाई मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला हजर. तिथेपण मीठच!

त्या दिवसापासून काही तोंडात घालायचीच भीती बसली आणि आमटी न चाखता उतरवली. पण ही भीती जाईल गं, भाकरी कुस्करून पिठीत भिजवली की एक चतकोर उतरते आता. दुसरं जे आहे ते कुणाला सांगू कळत नाही. मला भूकच लागत नाही. भुकेचं हार्मोन जिथं जास्त बनतं तोच पोटाचा भाग काढलाय, उरलीय ती केळ्याएवढी नळी. पूर्वी साडेअकराला पोटात कावळे कोकलायला लागले की हात आपोआप बरोबर जायचा, तळहातावर थेंब घेऊन चाटला की कळायचं अजून दोन आमसुलं हवीत. आता चाटते, खारट की अळणी एवढं कळतं, पण हवंसं काही वाटत नाही. हवंसंच वाटलं नाही तर कुठे थांबायचं ते कसं कळणार? डायटिशियनला विचारलं, ती म्हणे प्रोटीन किती जातंय ते लिहून पाठवा. ६० ग्रॅम पाहिजे, म्हणजे दहा अंडी, कोंबडी तरी देते का दिवसाला? काही महिन्यांनी थोडी भूक परत येते म्हणे. तोवर गिऱ्हाइकांना काय सांगू, बाईचं पोट जागेवर आलं की या?

सध्या चव सासूबाई घेतात. त्यांचं बीपीमुळे वर्षभर अळणी, त्यांना सगळंच खारट लागतं. काल सोमण मास्तरांनी ताटातच मीठ मागून घेतलं.

दोघींची खानावळ काढायची ठरलेली, तू डोंबिवलीला पळालीस, ते मी अजून माफ केलेलं नाही हे लक्षात ठेव. पिंकीचं ॲडमिशन झालं का? गुडघा कसाय, सासरे बरे? फोटोत पिंकी अगदी तुझ्या आईसारखी दिसते.

चतुर्थीला येतेयस ना? विसर्जन झालं की लगेच पळू नकोस, दोन दिवस जास्त रहा. एक आमटी तू चाखायची, मी शेजारी उभी राहते. तिरफळं घालणारच.

मोबाईल वाजला बघ. जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही ना, तेवढ्यात हे लिहिलं. आता पिते घोट घोट.

तुझी,
ललू