लग्नाच्या दिवशी तो डबा फोडू नकोस

कोल्हापूर,
त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय अप्पा,

पत्र मिळालं. पोरीचं ठरलं, तेही मार्गशीर्षात! हिनं तुझं पत्र पुरतं वाचायच्या आत आहेराची यादी काढायला घेतली. पण माझा जीव अडकला तो तुझ्या शेवटच्या ओळीत: 'तो तंबाखूचा जुना डबा लग्नात फोडू का?'

फोडू नकोस. लग्नादिवशी तर नकोच.

डॉक्टरांनी मला पाइप पूर्ण सोडायला सांगितलाय, तुला ठाऊकच आहे. त्यांचं बरोबर आहे, त्यावर वाद नाही. तरी घरच्या हायकोर्टात वर्षाला पाच पाइपांवर तडजोड झाली. रोज ओढायचो तेव्हा कुठल्या दिवसाला कुठली तंबाखू, असला विचार कधी शिवला नव्हता. पाचच उरल्यावर मात्र माणूस पंचांग मांडीवर घेऊन बसतो. चार ठरलेले, पाचवा राखीव.

पहिला दसऱ्याचा. दसरा चौकात मावळतीला सीमोल्लंघन, मग सोनं लुटायची झोंबाझोंबी, मग थोरामोठ्यांच्या पाया पडत पेठापेठांतून फिरणं. घरी येऊन टेकायला नऊ वाजतात. त्या वेळेला मी पेरीक घातलेली व्हर्जिनिया तंबाखू ठेवतो. हे पेरीक म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियानाची करामत. तिथल्या सेंट जेम्स भागात पानं पिंपात भरून जबर दाबाखाली ठेवतात, ती आपल्याच रसात वर्षभर आंबतात. मधनंच बाहेर काढून वारा देतात, परत दाबतात. म्हणजे लोणचंच की मर्दा! आणि घ्यायचंही लोणच्याएवढंच, पानाच्या कडेला. दिवसभर श्रीखंड-पुरी रिचवलेल्या तोंडाला तो आंबूस, मिरी चावल्यासारखा झणका बरा वाटतो.

नरक चतुर्दशीला साधी व्हर्जिनिया, दुसरं काही मिसळायचं नाही. पहाटे उटणं लावून अंघोळ, कारीट चिरडून कडू जिभेला लावलेलं, तोंड अगदी कोरं. या पानात मुळातच साखर जास्त. डबा उघडला की आधी वाळल्या गवताचा वास येतो आणि मागनं काकवीचा. गुऱ्हाळाच्या काहिलीभोवती बालपण गेलेल्या तुला-मला ते वेगळं सांगायला नको. फक्त उपाशीपोटी ओढू नकोस. एकदा तसं केलं आणि तुळशी वृंदावन धरून बसलो. आता लाडवानंतर आणि चकलीआधी, असा मुहूर्त ठरलाय. तिखट पोटात गेलं की जिभेला धुराची चव लागत नाही, नुसतं भाजतं. तांबड्या रश्श्यानंतर तर दोन तास नावच काढायचं नाही.

होळीला लटाकिया. सीरियातल्या बंदराचं नाव, आता येते ती बहुतेक सायप्रसची. पानं लाकडाच्या धुरावर धुरवून काळी करतात, चुलीच्या वरच्या फळीसारखा वास. अख्खी गल्ली शेणी-लाकडांच्या धुरात असते, त्यात माझा धूर कुणाला कळतोय! तिला पाइप मात्र वेगळा ठेव. पाइपाच्या ब्रायर लाकडात तो वास असा मुरतो, की पुढं त्यात काहीही भर, होळीच पेटते.

त्रिपुरीचा कालच झाला, म्हणजे फसला. पहाटे चारला पंचगंगेच्या घाटावर होतो. पायऱ्यांवर पणत्याच पणत्या, पाण्यावर धुकं. घरी येऊन गच्चीवर बसलो आणि फ्लेकची, म्हणजे दाबून कापलेल्या तंबाखूची, चकती डब्यातनं काढून तशीच ओलसर भरली. नऊ काड्या गेल्या. चहा द्यायला आलेल्या सुनेनं विचारलं, "बाबा, अजून पणत्या लावताय का?"

आता तुझा डबा. पोरगी पहिलीत गेली त्या वर्षी घेतलेला, म्हणजे वीसेक वर्षं झाली. नशीब, की ती व्हर्जिनियाची फ्लेक आहे. दाबून वडी करून कापलेलं हे पान बंद डब्यात मुरतं, पहिला तिखटपणा जातो, गोडी उरते. लटाकियाचा असता तर एव्हाना धुराचा वास बराच विरला असता. अशा तंबाखूला काय लागतं? तासभर कागदावर मोकळी करून सुकवायची आणि दीड तास कुणी हाक मारायची नाही. लग्नात पोरीच्या बापाला दीड मिनिट तरी मिळतं का? माझ्या निवृत्तीच्या समारंभानंतर जपून ठेवलेला डबा मी चाळीस माणसांत उघडला. बोलता बोलता विझायची, पेटवायचो, भराभर ओढायचो. लाकूड तापलं, जीभ सोलली. तंबाखू कशी होती म्हणशील, तर आजही सांगता येणार नाही. शिवाय कार्यालयात ओढायची सोय नाही, २००८ च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक जागी बंदीच आहे. चांगलंच आहे ते. पाहुण्यांची पोरंबाळं असतात.

तेव्हा असं कर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मांडववाली पोरं दोऱ्या सोडून बांबू टेम्पोत टाकत असतील, वहिनी आतल्या खोलीत पडल्या असतील आणि घर कधी नव्हे इतकं मोठं वाटायला लागलं असेल, तेव्हा मागच्या अंगणात दोन खुर्च्या टाक. माझा राखीव पाइप मी त्या संध्याकाळसाठी ठेवलाय. फार बोलायचं नाही.

निपाणीची बिडीतली तंबाखू हॉस्टेलवर पाइपात कोंबून ओढली होती, आठवतंय का? मला रात्रभर उचक्या आणि तू न्हाणीघरात. त्याच दोघांना आता वीस वर्षं मुरलेली मिळणार.

आम्ही हळदीच्या आदल्या दिवशीच पोचतो. डबा कुणाच्या हाती लागणार नाही असा ठेव. जावयाला तर दाखवूच नकोस. आणि तो पेट्रोलचा लायटर काढू नकोस, सगळ्या चवीला रॉकेलचा वास येतो. काडेपेट्या मीच आणतो, तुझ्या घरात वेळेला कधी सापडल्यात?

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
भाऊ