दऱ्या, महाराष्ट्र आणि तुझी पुढची नोकरी

चि. मैत्रेयी,
अनेक आशीर्वाद.

नोकरी बदलायची तर खुल्या वेबवरच्या नव्या तंत्रांत जायचं, असं तू परवा फोनवर म्हणालीस आणि वेबअसेम्ब्ली (ब्राउझरमध्ये वेगाने चालणारा कोड), वेबजीपीयू (ब्राउझरमधून ग्राफिक्स चिपचा वापर), ब्राउझर इंजिन (पान वाचून पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा) अशी नावं एका दमात घेतलीस. ऐकून बरं वाटलं. पण यातलं काय शिकायचं ते नंतर बघू. आधी आयुष्याची चार-पाच वर्षं कशावर घालायची ते ठरव. या क्षेत्रात दरवर्षी नवीन काहीतरी येतं आणि त्यातलं बरंचसं पुढे गाडलंही जातं.

वेबएसक्यूएलचं बघ. ब्राउझरच्या आत डेटाबेस, कल्पना चांगली होती आणि लोक वापरतही होते. पण ज्यांनी ज्यांनी तो बनवला त्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हे एकच तयार सॉफ्टवेअर बसवलं होतं. मानक म्हणून मान्य व्हायला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किमान दोन अंमलबजावण्या लागतात, त्या कधी झाल्याच नाहीत. 2010 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने काम थांबवलं आणि पुढे क्रोमनेही तो काढून टाकला. उलट फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने 2013 मध्ये आणलेलं एएसएम डॉट जेएस, म्हणजे वेगाने चालणारं मर्यादित जावास्क्रिप्ट, बाकीच्यांना पटलं, त्यातून सगळ्यांनी मिळून वेबअसेम्ब्ली घडवलं. 2017 मध्ये ते चारही मोठ्या ब्राउझरांत आलं आणि डिसेंबर 2019 मध्ये अधिकृत मानक झालं. म्हणून नवीन तंत्र दिसलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो: दुसऱ्या इंजिनवाल्यांचं यावर काय म्हणणं आहे?

हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. मोझिला आणि वेबकिट (सफारीचं इंजिन) दोघंही नव्या प्रस्तावांवरची आपली भूमिका गिटहबवर उघडपणे मांडतात. क्रोमियमचे, म्हणजे क्रोमच्या मुळाशी असलेल्या खुल्या प्रकल्पाचे, लोक एखादं वैशिष्ट्य सुरू करताना आणि सर्वांना देताना तसं जाहीर करतात, आणि ‘देऊ या’ म्हणायला तीन एपीआय मालकांची (अशा निर्णयांची जबाबदारी असलेल्यांची) संमती लागते. ती चर्चा मुळापासून वाच. आक्षेप कुठे आहे, खाजगीपणावर, सुरक्षिततेवर की नुसत्या नावावर, ते कळलं की तंत्राचं भवितव्य बऱ्यापैकी कळतं. ‘ओरिजिन ट्रायल’मध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या प्रायोगिक वापरात, असलेल्या गोष्टीवर घरी हवे तितके प्रयोग कर, ऑफिसच्या कामात तिला हात लावू नकोस. तिची मुदत संपते आणि चालतं पान एका रात्रीत बंद पडतं. ऑफिससाठी ‘बेसलाइन’ बघ: एखादी सोय चारही मुख्य ब्राउझरांत आल्यावर 30 महिन्यांनी ती सर्वत्र उपलब्ध धरली जाते.

वेबजीपीयू या कसोटीला उतरतं. क्रोममध्ये ते मे 2023 मध्ये आलं, फायरफॉक्सने जुलै 2025 मध्ये आधी फक्त विंडोजवर दिलं आणि सफारीने 26व्या आवृत्तीत. ग्राफिक्सची आवड असेल तर शिक. पण मॅट्रिक्सचं गणित, मेमरीची मांडणी आणि डब्ल्यूजीएसएल ही शेडरची (ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) भाषा, तिन्हींची तयारी करावी लागेल. वरवर शिकून इथे भागत नाही.

तुझ्यासाठी मला त्याहून जवळचा रस्ता दिसतो. तो चाचण्यांतून जातो आणि आपल्या भाषेतून जातो.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जावास्क्रिप्ट चालवून बघायच्या खिडकीत) ‘महाराष्ट्र’ लिहून त्याची लेंथ, म्हणजे लांबी, विचार. उत्तर 10 येईल, कारण म, ह, काना, र, काना, ष, हलंत, ट, हलंत आणि र असे सगळे घटक सुटे मोजले जातात. मराठी माणूस म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरं मोजेल. इंटल डॉट सेगमेंटर ही मजकुराची अक्षरं सुटी करणारी जावास्क्रिप्टची सोय वापरलीस तर जुन्या नियमाने 6 येतात, कारण ष्, ट् आणि र वेगळे पडतात. 2023 मध्ये युनिकोड या सर्व लिप्यांच्या अक्षरमानकाची 15.1 आवृत्ती आली, त्यात भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांचा नियम आला, त्या हिशेबाने 4. आता विचार कर: नाव 10 अक्षरांत बसवा म्हणणारा फॉर्म, शब्द मध्येच कापून तीन टिंबं लावणारं बटण, परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करणारं सीएसएस. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी अक्षर म्हणजे काय ते गृहीत धरलेलं असतं, आणि गृहीत धरणाऱ्याला बहुतेक वेळा देवनागरी वाचता येत नाही.

दुसरं उदाहरण ‘दऱ्या’. हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, हलंत, य आणि काना: द धरून 5 घटक. दुसऱ्यात साधा र, हलंत, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), य आणि काना: 6 घटक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केलीस तर असमान, आणि एनएफसी नॉर्मलायझेशन (मजकूर एका प्रमाण रूपात आणायची युनिकोडची पद्धत) करूनही असमानच. शोधपेटीत एक टाकला की दुसरा सापडत नाही. यावर घाईने केला जाणारा उपाय म्हणजे जॉइनर सरसकट पुसून टाकणं. तो केला की ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं, म्हणजे डोंगरातल्या दरीचा समुद्र. बरोबर क्रम असा: आधी एनएफसी कर, मग र, हलंत आणि जॉइनर हे त्रिकूट जिथे दिसेल तिथे ऱ आणि हलंत घाल, आणि उरलेले जॉइनर त्यानंतर पूस. हेही फक्त शोधाच्या अनुक्रमणिकेत करायचं. मूळ मजकूर आहे तसाच ठेवायचा.

अशा गोष्टी जिथे कायमच्या टिपल्या जातात ती जागा म्हणजे वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स, डब्ल्यूपीटी. सगळ्या इंजिनांची ही सामाईक चाचणीपेढी आहे. तिथे स्वीकारलेली चाचणी क्रोमियम आणि फायरफॉक्सच्या भांडारात आपोआप ओढली जाते आणि मग ती मोडली की इंजिनवाल्यांना दिसतं. सुरुवातीला ब्राउझर बिल्ड करावाच लागत नाही, गिट आणि पायथन 3 पुरतं. भांडार प्रचंड आहे, म्हणून क्लोन करताना (आपल्या यंत्रावर उतरवताना) डेप्थ 1 ठेव, म्हणजे जुना इतिहास येणार नाही. मग डब्ल्यूपीटीच्या मेक-होस्ट्स-फाइल या कमांडचं आउटपुट संगणकाच्या होस्ट्स फाइलला जोड आणि डब्ल्यूपीटी सर्व्ह चालव. वेब-प्लॅटफॉर्म डॉट टेस्ट या पत्त्यावर, 8000 पोर्टवर, चाचण्या दिसतील. होस्ट्स फाइलची पायरी विसरलीस तर तो पत्ता उघडणारच नाही आणि तू उगाच सर्व्हरमध्ये खोट शोधत बसशील.

चाचणी एका वेळी एकच गोष्ट सांगणारी असू दे, आणि मानकातल्या नेमक्या कलमाचा दुवा तिच्यात दे. जावास्क्रिप्टची वागणूक तपासायची तर टेस्टहार्नेस. दिसणं तपासायचं तर रेफटेस्ट, म्हणजे दोन पानं सारखी दिसतात का ते बघायचं. नवीन माणूस रेफटेस्टमध्ये दोन चुका हमखास करतो. एक, जी सोय तपासायची तीच संदर्भपानातही (ज्याच्याशी तुलना करायची त्या पानातही) वापरतो. मग दोन्ही पानं सारखीच चुकतात आणि चाचणी हिरवी. दुसरी चूक फॉन्टची. यंत्रावरच्या फॉन्टवर विसंबलीस तर देवनागरीची चाचणी तुझ्याकडे पास आणि त्यांच्या सर्व्हरवर नापास होईल, कारण तिथे तो फॉन्ट नसेल. वेबफॉन्ट चाचणीसोबतच दे. आणि क्रोम व फायरफॉक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतात, सफारी ॲपलचं कोअरटेक्स्ट. त्यामुळे फरक इंजिनातला की जुळणीतला, हे आधी वेगळं काढ.

डब्ल्यूथ्रीसीत भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा नोंदवणारा दस्तऐवजही आहे, त्याचं कामही गिटहबवर उघडं चालतं. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं, आणि ते फॉन्टमध्ये असलं तरी पानाला मराठी भाषेची खूण नसेल तर उमटत नाही, असलं बारीक ज्ञान तुझ्याकडे जन्मापासून आहे. ते तिथे पोचव. डब्ल्यूथ्रीसीच्या कम्युनिटी ग्रुपमध्ये (सर्वांना खुल्या गटात) सामील व्हायला पैसे लागत नाहीत.

आठ-दहा चाचण्या स्वीकारल्या गेल्या की इंजिनकडे वळ. फायरफॉक्सचं ‘आर्टिफॅक्ट बिल्ड’ तयार बायनरी उतरवून घेतं, त्यामुळे जावास्क्रिप्ट आणि सीएसएसचे बदल साध्या लॅपटॉपवरही करता येतात. क्रोमियमला किमान 100 जीबी मोकळी जागा लागते आणि 16 जीबी रॅमपेक्षा कमी असेल तर पहिलं बिल्ड तुझा जीव खाईल. रस्ट ही भाषा शिकायची इच्छा असेल तर त्या भाषेत लिहिलेलं सर्व्हो हे इंजिन बघ. मोझिलाने 2020 मध्ये त्याच्या टीमला कामावरून काढलं तरी प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि 2023 पासून इगालिया या कंपनीच्या लोकांनी तो पुन्हा जोमात चालवला आहे. पॅच (कोडमधला बदल) पाठवल्यावर दोन-तीन आठवडे शांतता असली तर मनाला लावून घेऊ नकोस. एकदा नम्रपणे आठवण कर आणि दुसरं काम हातात घे.

पैशाचं म्हणशील तर ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या आहेतच, पण केवळ त्याच नाहीत. स्पेनमधली इगालिया ही सहकारी तत्त्वावर चालणारी कंपनी इतरांसाठी इंजिनात काम करून देते. सीएसएस ग्रिड क्रोममध्ये त्यांनीच आणलं, ब्लूमबर्गच्या पैशावर. क्रोमने 2013 मध्ये काढलेलं मॅथएमएल जानेवारी 2023 मध्ये परत आलं, तेही त्यांच्याच कामातून. डिझाइनचं साधन बनवणाऱ्या फिग्मासारख्या कंपन्यांचं उत्पादनच वेबअसेम्ब्लीवर उभं आहे. अशा ठिकाणी मुलाखतीला जाताना स्वीकारलेल्या पॅचचे दुवे बायोडेटाच्या पहिल्या ओळीत असू देत. फ्रेमवर्कची यादी खाली.

आणि हे मात्र मनावर घे. पहिला पॅच पाठवण्याआधी तुझा सध्याचा नेमणूक करार काढून वाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17व्या कलमानुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. अनेक करारांत फावल्या वेळातलं कामही ओढलेलं असतं. क्रोमियमला कोड देताना तू योगदानाच्या करारावर सही करतेस, म्हणजे हा कोड देण्याचा हक्क मला आहे असं लिहून देतेस. तो हक्क खरंच तुझा हवा. एचआरला ईमेल कर: प्रकल्पाचं नाव, परवाना, स्वतःचा वेळ, स्वतःचा लॅपटॉप, एवढं चार ओळींत. होकार लेखी घे, तोंडी नको. ऑफिसच्या यंत्रावरून एकही कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) नको.

ऱ आणि जॉइनरच्या चाचणीचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत झाला तर मला पाठव. मानकाचं कलम आणि शब्दांची यादी मी तपासून देते. ‘तऱ्हा’ आणि ‘वऱ्हाड’ही त्यात घाल, म्हणजे यच्या जोडीला हही तपासला जाईल.

तुझी,
आई