महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपवर निघालेल्या मित्रास

सातारा,
12 जुलै

प्रिय दिप्या,

तुझा निरोप वाचून फार आनंद झाला. इतकी वर्षं छोट्या गाड्या आणि टॅक्सीखाली झोपून हात काळे केलेस, आणि आता तुझे मालक त्याच कंपनीच्या महागड्या गाड्यांचं नवं वर्कशॉप तुझ्या ताब्यात देतायत. पण तुझा जीव धाकधूक करतोय, तेही कळलं. 'साध्या गाड्या विकणाऱ्या कंपनीची पन्नास-साठ लाखांची गाडी कोण घेणार? दोन वर्षांत गाशा गुंडाळला तर मी कुठे जाऊ?' असं विचारलंस. फोनवर दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून लिहायला बसलो.

गाडी चांगली होईल का, ही चिंता आधी डोक्यातून काढ. ती होते. एमआयडीसीतल्या आपल्या शेडवर छोट्या गाडीचा शाफ्ट आणि महागड्या गाडीचा शाफ्ट एकाच सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, निघतो. फरक असतो तो ड्रॉइंगवरच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल त्यात, आणि तो पाळायला लागणाऱ्या चिकाटीत. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, लवकर बदलावा लागतो. शाफ्ट मशीनमधून काढला की लगेच मायक्रोमीटर लावून चालत नाही, कारण तो गरम असतो. 25 मिमी व्यासाचं पोलाद 10 अंशांनी तापलं तरी जवळपास 3 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तीन हजारांश, फुगतं. म्हणून जॉब ट्रेमध्ये गार होऊ द्यायचे आणि मगच मोजायचे. एप्रिलच्या दुपारी, डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना हे पाळणं किती जिवावर येतं, ते आमच्या पोरांना विचार. तरी ती पाळतात. साताऱ्यातली पोरं हे करू शकतात, तर इतकी मोठी कंपनी का नाही करणार?

खरी अडचण गाडी विकून झाल्यावर सुरू होते.

टोयोटाचं उदाहरण तुला ठाऊक आहेच, पण त्यातला एक भाग तुझ्या कामाचा आहे. 1981 पासून अमेरिकेत जाणाऱ्या जपानी गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आली. मोजक्याच गाड्या पाठवायच्या तर त्या जास्त किमतीच्या असलेल्या बऱ्या, हा साधा हिशोब होता. 1983 मध्ये टोयोटाचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी जगातल्या उत्तम गाड्यांच्या तोडीची गाडी करायचं काम माणसांवर सोपवलं. 1989 मध्ये ती गाडी, लेक्सस एलएस 400, लेक्सस या वेगळ्या नावाखाली अमेरिकेत विक्रीला आली. बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचलाय, खाली चाकं रोलरवर जोरात फिरतायत आणि ग्लास जागचे हलत नाहीत, ती जाहिरात आपण दोघांनी मिळून पाहिली होती.

पण माझ्या मते लेक्ससचं नाव त्या ग्लासांनी झालं नाही. विक्री सुरू होऊन जेमतेम तीन महिने होतायत, तोवर वायरिंग आणि मागच्या वरच्या ब्रेकलाइटच्या तक्रारी आल्या. तक्रारी अगदी मोजक्या होत्या. तरी डिसेंबरात कंपनीने तोवर विकलेल्या सुमारे 8,000 गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. नव्या नावावर पहिल्याच हिवाळ्यात असा डाग लागला तर दुसरी कंपनी खचली असती. यांनी काय केलं? गिऱ्हाइकाला रांगेत उभं केलं नाही. माणसं घरी, ऑफिसात जाऊन गाड्या घेऊन आली, दुरुस्त केल्या, धुतल्या, टाकी भरली आणि परत नेऊन दिल्या. जिथे जवळ डीलर नव्हता तिथे मेकॅनिक विमानाने पाठवले. तीन आठवड्यांच्या आत काम आटोपलं. दिप्या, हे सगळं कुणी केलं? सर्व्हिसच्या माणसांनी. तुझ्यासारख्यांनी. मला हे वाचून आजही भरून येतं, कारण आपल्या धंद्यात मेकॅनिकचं नाव कुणी घेत नाही.

याच्या उलट फोक्सवॅगनचं झालं. कंपनीचा प्रमुख फर्डिनांड पिएखने हट्टाने फेटन ही महागडी गाडी करवून घेतली. बाहेर 50 अंश उकाडा असताना दिवसभर ताशी 300 किलोमीटरने धावली तरी आत 22 अंशच राहिले पाहिजेत, अशी त्याची अट होती. ड्रेस्डेन शहरात त्या गाडीसाठी काचेच्या भिंतींचा कारखाना बांधला. 2002 मध्ये बाजारात आलेली ही गाडी अप्रतिम होती, जाणकार अजून तिचं नाव काढतात. पण नाकावर बिल्ला तोच, जो शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या साध्या गोल्फ गाडीवर. अमेरिकेत 2006 मध्येच विक्री थांबली आणि 2016 मध्ये उत्पादनही बंद झालं. इतकी मेहनत वाया गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे मारुतीची किझाशी आठव. 2011 मध्ये आली, बाहेरून आयात केलेली, साडेसोळा लाखांच्या पुढे, तीही फक्त पेट्रोलवर, आणि तेव्हा ज्याला त्याला डिझेल हवं होतं. शोरूममध्ये शेजारी ऑल्टो उभी, तिची डिलिव्हरी घ्यायला अख्खं कुटुंब पेढे घेऊन आलेलं, आणि त्याच हॉलमध्ये किझाशीचं गिऱ्हाईक खुर्ची शोधतंय. ऑल्टोवाल्याचा आनंद खराच, त्याला मी कमी लेखत नाही. पण दोघांच्या अपेक्षा एका काउंटरवर भागत नाहीत. 2015 मध्ये मारुतीने वरच्या किमतीच्या गाड्यांसाठी नेक्साची वेगळी शोरूम काढली, ती मला म्हणूनच पटली. ह्युंदाईनेही 2015 मध्ये महागड्या गाड्यांची जेनेसिस ही वेगळी कंपनी-नाममुद्रा केली, आणि ती 2027 पर्यंत भारतात आणायचं आता जाहीर केलंय. म्हणजे तुझ्यासारख्या माणसांची गरज पुढे वाढणारच आहे.

जास्त संख्येने माल काढणाऱ्या कंपनीला एक सवय जडलेली असते. साताऱ्याला ती चांगली ठाऊक आहे. इथे महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया स्कूटर बनायची तेव्हा लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. ज्याच्या दारात रांग आहे त्याला रांगेतल्या एकाकडे बघायला फुरसत नसते, त्यात कुणाची लबाडी नसते. आज तुझ्या वर्कशॉपमध्येही तेच चालतं ना? दिवसाला किती जॉबकार्ड बंद झाली, बे, म्हणजे गाडी दुरुस्तीची जागा, किती वेळ रिकामा राहिला. ही मोजपट्टी तशीच नव्या जागी नेली, तर चामड्याचा सोफा आणि कॉफीचं मशीन ठेवून काही उपयोग नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: नोकरी घे, पण अधिकार मागून घे. आपल्या भागातलं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आण. कऱ्हाडचा डॉक्टर, फलटणचा कंत्राटदार, तासगावचा द्राक्षबागायतदार. हा माणूस सर्व्हिसिंगला पुण्याला तुझ्याकडे येणार, साताऱ्यापासूनच ते 110 किलोमीटर आहे. परत जाताना रात्री दहा वाजता, पाऊस कोसळत असताना, खंबाटकीच्या घाटात गाडी बंद पडली, घरची माणसं आत बसलेली. तेव्हा त्याला बदली गाडी पाठवायला तुला कुणाची सही लागणार आहे? वॉरंटीत बसतं की नाही याचा वाद असेल, तर पार्ट आधी टाकून कागद नंतर पाठवायची मुभा तुला आहे का? मालकाला हेच विचार, आणि उत्तर लेखी घे. पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण यावर माघार घेऊ नकोस.

आणि तुझी दोन-तीन जुनी पोरं बरोबर ने. नवा स्कॅनर चालवायला ती महिन्यात शिकतील. गाडीचा आवाज ऐकून बेअरिंग ओळखणारा कान मात्र कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळत नाही. मालक म्हणतील, इंग्रजी बोलणारी मुलं पुढे ठेवू. ठेवू दे. पण गाडीत काय बिघडलं होतं आणि आपण काय केलं, हे गिऱ्हाइकाला गाडीजवळ उभं राहून, सरळ मराठीत, ज्याने काम केलं त्यानेच सांगायचं, असा नियम घाल. आपल्याकडच्या माणसाला तो मान मिळाला की तो दुसरीकडे जात नाही.

काकूंना परवा भेटलो. गुडघा बरा आहे, पायऱ्या मात्र चढू देऊ नकोस असं डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हा पुढच्या महिन्यात येशील तेव्हा खालच्या खोलीचं बघू. वहिनींना नमस्कार. मालकांशी बोलणं झालं की कळव.

तुझा,
अन्या