‘व्हर्टिगो’ रहस्यपट कसा?

संपादक महोदय,

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या २००८ च्या प्रकारवार याद्यांत रहस्यपटांमध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) पहिला आहे. चित्रपट थोरच, पण रहस्यपट? (न पाहिलेल्यांनी पुढचं वाक्य गाळावं.) फ्लॅशबॅक येतो, नायिका ज्युडी पत्र लिहायला बसते आणि मनोऱ्यावरून नेमकं कोण पडलं हे प्रेक्षकाला कळून चुकतं, तेव्हा जवळपास अर्धा तास बाकी असतो. पुढे उरते ती घालमेल, शोध नव्हे. दुसऱ्या क्रमांकावरचा ‘चायनाटाउन’ (१९७४) मुख्य गुपित शेवटाजवळ येईपर्यंत फोडत नाही. पहिला मान त्याचाच. दहा प्रकारांत भयपटाला मात्र रकानाच नाही. त्यामुळे याच संस्थेच्या २००१ च्या थरारपटांच्या यादीत अव्वल ठरलेला ‘सायको’ इथे बेपत्ता!

– एक वाचक, सांगली